दाद मागायची कुठे?

१९९१ साली पुण्यातल्या एका सेवाभावी संस्थेत काम करणाऱ्या सिस्टर ल्युसी कुरियन यांच्याकडे एक गरोदर बाई आली. नवरा दारू पिऊन मारतो, जिवाची भीती वाटते, इथे राहू द्या, अशी तिची विनवणी होती. बाहेरच्या बाईला असं ठेवून घेण्याची तिथे सोय नव्हती आणि सिस्टरना तसा अधिकारही नव्हता. त्यांनी तिला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवून दिलं. ती वाचली नाही. पोटातलं सात महिन्यांचं मूलही गेलं. पुढे १९९७ मध्ये ल्युसी कुरियन यांनी पुण्याजवळ वढू बुद्रुक इथे ‘माहेर’ ही संस्था उभी केली, ती या रात्रीचा भार घेऊन.

मारणारा सोडला तर या घटनेत वाईट कुणीच नव्हतं. बाई योग्य माणसाकडे गेली होती, ऐकणारीला कळवळा होता. फक्त त्या एका रात्रीपुरती खोली नव्हती. घरातल्या हिंसेत बाई बोलली की निम्मं काम झालं, असं अनेकांना वाटतं. खरी कसोटी ती बोलल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत असते आणि ती कसोटी ऐकणाऱ्याची असते.

बोलणाऱ्या मुळात थोड्या. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा कधीकाळी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी २५.२ टक्के जणींनी पतीकडून हिंसा सोसली होती. आधीच्या सर्वेक्षणात हा आकडा २१.३ टक्के होता. याच सर्वेक्षणातली देशभराची दुसरी आकडेवारी अधिक बोलकी आहे. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्के जणींनी कुणाची तरी मदत मागितली. ७७ टक्के जणींनी मदत मागणं दूरच, कुणाला सांगितलंही नाही.

मागितली त्यांनी कुणाकडे? निम्म्याहून अधिक जणींनी माहेरच्या माणसांकडे. त्यानंतर सासरची माणसं, मैत्रिणी, शेजारी. पोलिसांपर्यंत गेलेल्या फार कमी. डॉक्टर, वकील आणि सामाजिक संस्थांचा वाटा तर नगण्य. म्हणजे ज्यांना या कामाचं प्रशिक्षण आहे, त्यांच्यापर्यंत बाई पोचतच नाही. ती पोचते आईकडे, भावाकडे, आणि तिथून अनेकदा ‘दिल्या घरी राहा, मुलांकडे बघ’ हे ऐकून परतते. माहेरच्यांची माया आटलेली असते असं नाही. धाकटीचं लग्न व्हायचं असतं, भावाच्या दोन खोल्यांत आणखी तीन माणसं मावत नाहीत, वडील थकलेले असतात.

या विषयावर महाराष्ट्र खडबडून जागा झाला तो १९८२ मध्ये पुण्यात झालेल्या मंजुश्री सारडा यांच्या मृत्यूने. लग्नाला काही महिने झालेली, सुशिक्षित, सुस्थितीतल्या घरची तरुणी. खालच्या न्यायालयांनी पतीला दोषी धरलं. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. खटला पुराव्यांच्या कसोटीवर निकाली निघाला, पण तोवर पुण्यातल्या स्त्रियांना वेगळाच प्रश्न पडला होता. अशा मुली मरण्याआधी कुणाशी बोलू शकल्या असत्या? विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘नारी समता मंच’ने पुढे ‘बोलते व्हा’ हे केंद्र चालवलं, त्यामागे हाच प्रश्न होता. काही वर्षांनी पुरुषांसाठीही संवाद केंद्र सुरू झालं. मुंबईत फ्लेविया अॅग्नेस यांनी स्वतःच्या संसारातल्या मारहाणीची कहाणी नावानिशी लिहिली, मग त्या वकील झाल्या आणि ‘मजलिस’ या संस्थेतून इतर बायकांचे खटले लढू लागल्या.

१९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत ४९८अ हे कलम आलं. पती आणि सासरच्यांच्या छळाला तीन वर्षांपर्यंत कैद. १ जुलै २०२४ पासून तोच गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या ८५व्या कलमात आहे. पण समुपदेशन केंद्रात येणाऱ्या बहुतेक बायकांची पहिली मागणी नवऱ्याला तुरुंगात घाला, अशी नसतेच. मार थांबवा, मला घराबाहेर काढू देऊ नका, मुलांच्या फीचे पैसे मिळवून द्या, एवढंच त्या मागतात. फौजदारी कलमाकडे याचं उत्तर नव्हतं. ते २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने दिलं. २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू झाला.

या कायद्यात हिंसा म्हणजे केवळ मारहाण नव्हे. शिव्या, अपमान, लैंगिक जबरदस्ती, पगार काढून घेणं, घरखर्च बंद करणं, स्त्रीधन दडवणं हे सगळं त्यात येतं. संरक्षणाचा आदेश, राहत्या घरात राहण्याचा आदेश, खर्चाचे पैसे, मुलांचा तात्पुरता ताबा आणि भरपाई हे एकाच अर्जात मागता येतं. प्रकरण तातडीचं असेल तर समोरच्याची वाट न पाहता अंतरिम आदेश देता येतो. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा फक्त बायकोसाठी आहे असाही गैरसमज दिसतो. आई, बहीण, विधवा वहिनी, लग्नासारख्या नात्यात राहणारी स्त्री, या सगळ्या त्याखाली दाद मागू शकतात.

कागदावर हे सुरेख आहे. आता ती बाई रात्री साडेदहाला पोलीस ठाण्यात गेली असं समजा. ठाणे अंमलदार तिचं म्हणणं ऐकतो आणि ‘एनसी’ नोंदवून एक कागद हातात देतो. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. न्यायदंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. बाईला वाटतं, तक्रार झाली. ती तो कागद महिनोन् महिने जपून ठेवते. काहींकडे अशा चार-पाच एनसी जमतात. पुढे कोर्टात पुरावा म्हणून त्यांचा उपयोग होतो, म्हणून त्या घ्याव्यातच. पण एवढ्याने कुणी दारात येऊन नवऱ्याला जाब विचारेल असं नाही. वास्तविक २००५ च्या कायद्याचं पाचवं कलम पोलिसांवर स्पष्ट जबाबदारी टाकतं. अशी बाई समोर आली की तिला अर्जाचा हक्क, संरक्षण अधिकारी, मोफत वकील आणि फौजदारी तक्रारीचा मार्ग, हे सगळं त्यांनी सांगायचं आहे. किती ठाण्यांत ते सांगितलं जातं, हा प्रश्न प्रत्येक पोलीस अधीक्षकाने आपल्या जिल्ह्यात विचारावा असा आहे.

पोलीस ठाण्यातल्या या पोकळीवर महाराष्ट्राने फार पूर्वी एक तोडगा काढला होता. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. बसायची जागा पोलिसांची, पण बसणारे प्रशिक्षित समाजकार्यकर्ते. बाईला वर्दीचा धाक वाटत नाही, नवऱ्याला मात्र पोलिसांच्या आवारात बोलावणं आल्याचा वचक बसतो. हा प्रयोग पुढे राज्य सरकारने स्वीकारला, जिल्ह्याजिल्ह्यांत नेला आणि इतर राज्यांनीही तो उचलला. नागपूर पोलिसांनी २०१७ मध्ये सुरू केलेला ‘भरोसा सेल’ याच वाटेने जाणारा. समुपदेशक, वकील, पोलीस एकाच छपराखाली.

अशा कक्षांच्या कामात एक धोका सतत असतो, तो म्हणजे समझोत्याची घाई. दोघांना समोरासमोर बसवायचं, त्याच्याकडून ‘पुन्हा मारणार नाही’ असं लिहून घ्यायचं, तिला ‘तूही जरा समजून घे’ म्हणायचं आणि प्रकरण मिटलं म्हणून फाईल बंद करायची. गावात हेच काम कधी पाटील, कधी सरपंच, कधी तंटामुक्ती समिती करते. बांधाचा तंटा आणि बायकोला झालेली मारहाण या दोन गोष्टी एकाच मापाने मोजल्या की मार खाणारीच्या वाट्याला अर्धा दोष येतो. चांगल्या समुपदेशकाची ओळख इथेच पटते. तो किंवा ती आधी बाईला एकटीला ऐकते, मारण्याला कोणतंही कारण पुरेसं नाही हे पहिल्या भेटीतच सांगते, आणि घरी परत जायचं की नाही हा निर्णय तिच्यावर सोडते. ती परत गेली तर पुढच्या वेळी काय करायचं याची तयारी तिच्याबरोबर करून ठेवते: कोणत्या शेजारणीला सांगायचं, कागदपत्रांच्या प्रती कुठे ठेवायच्या, हाताशी थोडे पैसे कसे राखायचे.

सगळ्यात दूरदृष्टीचा प्रयोग मात्र दवाखान्यात झाला. २००० साली वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संशोधन संस्थेने मिळून ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. सार्वजनिक रुग्णालयात चालणारं देशातलं अशा प्रकारचं ते पहिलं केंद्र. त्यामागचा विचार साधा होता. मार खाणारी बाई पोलिसांत जाणार नाही, वकिलाकडे जाणार नाही, पण डॉक्टरकडे कधी ना कधी जाईलच. हात मोडला म्हणून, गरोदरपणात रक्तस्राव झाला म्हणून, झोप लागत नाही म्हणून, किंवा उंदराचं औषध प्यायल्यामुळे. आणि दवाखान्यात जाते म्हटलं की घरात कुणाला संशयही येत नाही.

केसपेपरवर वर्षानुवर्षं ‘पाय घसरून पडली’ असं लिहिलं जात होतं. बाथरूममध्ये पडलेल्या बाईच्या दोन्ही दंडांवर बोटांचे वळ कसे, हे कुणी विचारत नव्हतं. ‘दिलासा’ने डॉक्टरांना, परिचारिकांना, ओपीडीतल्या कर्मचाऱ्यांना ते बघायला आणि विचारायला शिकवलं. विचारायचं तेही नवरा किंवा सासू शेजारी नसताना, पडद्याआड. उत्तर मिळालं की तिला त्याच इमारतीतल्या समुपदेशकाकडे न्यायचं. जखमांची नीट नोंद, गरज असेल तर एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायचं वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण. घरी जाणं धोक्याचं असेल तर एक-दोन दिवस वॉर्डातच दाखल करून घ्यायचं; सुरक्षित खाट तिथे असतेच. विष प्यालेल्या बाईच्या बाबतीत हे आणखी मोलाचं ठरतं. पोट साफ करून, सलाईन लावून तिसऱ्या दिवशी घरी पाठवली तर ती त्याच घरात परत जाते. तिने विष का घेतलं, हे विचारणारं कुणी भेटलं तर कदाचित वाट बदलते.

‘दिलासा’चं आजचं मोठेपण असं की ते प्रकल्प म्हणून विरून गेलं नाही. मुंबई महापालिकेच्या ११ रुग्णालयांत ते पोचलं आणि केरळसह इतर राज्यांनी त्यापासून धडा घेतला. महाराष्ट्राच्या प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात असा एक समुपदेशक का नसावा, याचं पटण्यासारखं उत्तर मिळत नाही.

यानंतरचा टप्पा संरक्षण अधिकाऱ्याचा. २००५ च्या कायद्याचा हा कणा. बाईचं म्हणणं ऐकून ‘डीआयआर’, म्हणजे कौटुंबिक घटना अहवाल, भरायचा. तो न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवायचा. तिला निवारा, वैद्यकीय मदत आणि वकील मिळवून द्यायचा. आदेश निघाला की तो पाळला जातो का ते बघायचं. सुरुवातीच्या वर्षांत महाराष्ट्रात हा कारभार महसूल खात्यासारख्या खात्यांतल्या अधिकाऱ्यांच्या गळ्यात अतिरिक्त म्हणून पडला. ज्याच्या टेबलावर सातबारा, दुष्काळ आणि निवडणुका आहेत, त्याने रडत आलेल्या बाईचं दोन तास ऐकावं ही अपेक्षाच चुकीची होती. पुढे महिला व बालविकास खात्याने स्वतंत्र अधिकारी नेमले, तरी कामाच्या मानाने माणसं अपुरीच. ही तक्रार देशभरची. मे २०२५ मध्ये ‘वी द विमेन ऑफ इंडिया’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमण्यासाठी सहा आठवड्यांची मुदत दिली. कायदा लागू होऊन तेव्हा साडेअठरा वर्षं झाली होती.

कायदा म्हणतो, अर्ज आल्यावर साधारणपणे तीन दिवसांत पहिली तारीख आणि त्यानंतर साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात प्रकरणं वर्षानुवर्षं चालतात. त्यातही घराचा प्रश्न सर्वांत अवघड. सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या अखेरीस एस. आर. बत्रा खटल्यात निकाल दिला की सासूच्या नावावरच्या घरात सुनेला राहण्याचा हक्क सांगता येत नाही. आपल्याकडे बहुतेक सुना सासू-सासऱ्यांच्याच घरात नांदतात. नवऱ्याने ‘घर माझं नाहीच’ म्हणायचं आणि बाईने पिशवी उचलायची, हे त्यानंतर चौदा वर्षं चाललं. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सतीश चंदर आहुजा खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल फिरवला. घर कुणाच्याही नावावर असो, ती तिथे सून म्हणून नांदली असेल तर कायद्याच्या प्रक्रियेशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. मालकी तिला मिळत नाही. रात्री-अपरात्री हाकलून देण्याला मात्र अटकाव होतो. ज्या सुनेला हे माहीत आहे ती उंबरा ओलांडण्याआधी दोनदा विचार करते, आणि तिने तो करावा.

पण जीवच धोक्यात असेल तर उंबरा ओलांडावाच लागतो. तिथे ‘सखी’ केंद्रांची गरज. केंद्र सरकारने निर्भया निधीतून एप्रिल २०१५ पासून सुरू केलेल्या ‘वन स्टॉप सेंटर’ योजनेतली ही केंद्रं जिल्ह्याच्या ठिकाणी, शक्यतो रुग्णालयाच्या आवारात किंवा जवळ असतात. उपचार, पोलीस, वकील, समुपदेशन आणि पाच दिवसांपर्यंत मुक्काम एका ठिकाणी मिळावा ही कल्पना. तिथे पोचायला १८१ हा महिला हेल्पलाईनचा क्रमांक, तातडीला ११२.

पाच दिवसांनंतर काय, हा खरा पेच. पुढची सोय ‘शक्ती सदन’सारख्या निवाऱ्यांत किंवा शासकीय महिला राज्यगृहात. तिथे मुलांच्या वयाची अट आडवी येते. ‘वन स्टॉप सेंटर’च्या मूळ नियमांत आईबरोबर मुली कोणत्याही वयाच्या चालत, मुलगा मात्र आठ वर्षांपर्यंतचाच. नववीतला मुलगा बापाकडे ठेवून निघायचं म्हटलं की बहुतेक आया निघतच नाहीत. नोकरी करणाऱ्या बाईला निवाऱ्याच्या वेळा जमत नाहीत, मुलांची शाळा तुटते. कायद्याच्या नियमांत काही गोष्टी चांगल्या आहेत: आधी अहवाल दाखल झाला नाही म्हणून निवारागृहाला बाईला नाकारता येत नाही, तेच उपचारांचं, आणि तिची इच्छा असेल तर तिची ओळख गुप्त ठेवावी लागते. दारावरच्या रखवालदारापर्यंत हे नियम पोचले पाहिजेत.

वस्ती-वाडीतली बाई या केंद्रांपर्यंत कशी येणार? मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचा उपयोग तालुक्याला जाणाऱ्या अशा बायकांनाही होत असणार. पण गाव सोडून जाताना ‘कुठे चाललीस’ हा प्रश्न विचारणारे चौकात बसलेले असतातच. म्हणून गावातल्याच बाईने गावातल्या बाईसाठी उभं राहणं जास्त टिकाऊ ठरतं. पुरंदर तालुक्यात १९८७ पासून काम करणाऱ्या ‘मासूम’ने, म्हणजे महिला सर्वांगीण उत्कर्ष मंडळाने, आरोग्य, बचत आणि हिंसेचा प्रश्न एकत्र हाताळला. धारावीत ‘स्नेहा’ संस्थेने वस्तीतल्याच बायकांना ‘संगिनी’ म्हणून तयार केलं. गल्लीत काय चाललंय ते त्यांना माहीत असतं, आणि पीडितेला त्यांच्याकडे जायला निमित्त शोधावं लागत नाही.

वकिलाच्या खर्चाला घाबरून थांबलेल्या बाईला एक गोष्ट कुणीतरी सांगायला हवी. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो. तिचं किंवा नवऱ्याचं उत्पन्न त्यात पाहिलं जात नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते, आणि १५१०० या क्रमांकावर विचारणा करता येते. सासर बीडला आणि माहेर सांगलीला असेल तर अर्ज सांगलीतही करता येतो. ती तात्पुरती जिथे राहते तिथल्या न्यायालयालाही अधिकार आहे. छळाच्या फौजदारी तक्रारीबाबतही सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच मान्य केलं.

परदेशी गेलेल्या मराठी मुलींची अडचण निराळी. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेली, बँकेचं खातं नाही, गाडी चालवता येत नाही, पासपोर्ट त्याच्या कपाटात. इथे आई-वडिलांना फोनवर रडणं ऐकू येतं आणि काय करावं सुचत नाही. न्यू जर्सीत १९८५ पासून ‘मानवी’, लंडनमध्ये १९७९ पासून ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ या संस्था दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करतात. व्हिसा रद्द करीन ही धमकी किती खरी आणि किती पोकळ, हे सांगू शकणारी माणसं तिथे भेटतात. मुलीचं लग्न परदेशी ठरवताना अशा संस्थांची माहिती तिच्या सामानात असावी.

राहता राहिले शेजारी. २००८ मध्ये ‘ब्रेकथ्रू’ संस्थेच्या ‘बेल बजाओ’ मोहिमेच्या जाहिरातींत शेजारचा माणूस मारहाणीचा आवाज ऐकून काहीतरी किरकोळ निमित्ताने त्या घराची बेल वाजवतो. एवढ्या व्यत्ययानेही उगारलेला हात खाली येऊ शकतो. त्याहून पुढे जायचं तर २००५ च्या कायद्याचं चौथं कलम कामी येतं. हिंसा झाली आहे, होत आहे किंवा होऊ शकेल असं वाटणारी कोणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. पीडितेची सही लागत नाही. सद्हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, हे त्याच कलमात लिहिलं आहे. आवाज चालू असेल तर ११२. सगळं शांत झाल्यावर तिच्याशी बोलायचं असेल तर फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर नको, कारण तो फोन बहुधा नवराही बघतो. पाण्याच्या नळावर, मुलांना शाळेत सोडताना, दवाखान्याच्या रांगेत, ती एकटी असेल तिथे बोलावं. १८१ हा आकडा तोंडी सांगावा, चिठ्ठी देऊ नये. आणि तिने आज नाही म्हटलं तरी पुढच्या महिन्यात पुन्हा विचारावं.